कुर्यन, तिसरा मजला

जाफरने आधी दोषच सांगितले.
खाली इराणी तंदूर आहे, पहाटे साडेतीनला पेटतो.
लिफ्ट जूनमध्ये रुसते, सप्टेंबरात बोलू लागते.
गुरुवारी रात्री पुलापलीकडच्या गाड्या
हॉटेलांसमोर तीन-तीन रांगा लावतात,
तुमची गाडी गल्लीत शिरायची नाही.

आमच्याकडे गाडीच नव्हती.
मुनाफने मला कोपराने ढोसलं.
दर दोषामागे पाचशे दिनार उतरत होते.
मी चेहरा पाडून उभी,
आणि मनातल्या मनात
तंदूरच्या रोटीवरचे तीळ मोजत होते.

एकोणीस वर्षं याच हूऱ्यात भाड्याने:
आधी एका खोलीत सहा जणी,
मग लग्न, आणि पडद्याची भिंत,
मग खरी भिंत, मग एक बाल्कनी
जिथं कपडे वाळत नाहीत, भाजतात.
पाच घरं बदलली. गल्लीतल्या मांजरांनी मात्र
आम्ही हललोय असं कधी मानलं नाही.

पेव्यात आमचं घर आहे. ग्रॅनाइट, गच्ची, चार बेडरूम,
चावी दिराकडे. शुक्रवारी नमाजनंतर तो उघडतो,
नळ सोडून बघतो,
झुरळांना सलाम करून पुन्हा लावतो.
सासूबाई फोनवर म्हणाल्या,
"जिथं कबर नाय, तिथं घर कशाला गो?"
मुनाफ म्हणाला, "अम्मा, कबरीला भाडं लागत नाही."
मग बराच वेळ कुणी बोललं नाही,
त्यांच्याकडचा पंखा तेवढा ऐकू येत होता.

विकणारा कुर्यन, कोट्टायमचा.
गुडघे गेलेले, मुलगी कॅनडात.
जाफरने उतरवलं त्याखाली
तो एक दिनारही हलला नाही.
फक्त धापा टाकत गच्चीवर घेऊन गेला.
तेलाच्या डब्यात, एसीच्या गळक्या पाण्यावर वाढलेला,
माझ्या खांद्याला लागणारा कढीपत्ता.
"हा घरासोबत येतो," म्हणाला,
"पण घरासारखा तुमचा नाही.
खालची श्रीलंकेची नर्स मंगळवारी येते.
सिल्हटचा शिंपी विचारत नाही, तोडतो.
तोडू द्या."
हे करारात लिहायचं का, मी विचारलं.
जाफरने पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

नोंदणीच्या कचेरीत अबायातली एक पोरगी
आमची नावं अरबीत बसवत होती.
कौसरची कौथर झाले.
अरबीत प नाही, म्हणून पेवेकरांचे बेवेकर.
पेवं हे गाव आहे, मी सांगायला गेले,
तिने हसून शिक्का मारला.
घराच्या कागदावर मुदत नव्हती.
माझ्या कार्डावर होती: पुढच्या मार्चपर्यंत.
घर इतकं स्वस्त की त्याच्या जोरावर
इथं राहायची परवानगी मिळत नाही,
ती दवाखान्यातली नोकरीच देते,
दोन-दोन वर्षांच्या घासांनी.
दोन्ही एकाच पिशवीत घातली,
मध्ये रुमाल ठेवला
की एकमेकांना घासू नयेत.

पहिल्या रात्री झोप कुठली.
तंदूर पेटला, ऊब जिन्याने वर आली.
मी उठले आणि हॉलच्या भिंतीत
एक खिळा ठोकला.
त्याला काय टांगायचं ते ठरलं नव्हतं.
समोरची मारिव्हिक रात्रपाळीहून परतत होती,
दार किलकिलं बघून थांबली. "काय झालं?"
"काही नाही," मी म्हटलं. "खिळा."

सकाळी खाली कुणी हॉर्न वाजवला,
कोल्ड स्टोअरचा शिहाब चहाचे कप घेऊन
गाडीच्या खिडकीपाशी धावला,
परत येऊन माझं दही, माझी अंडी
वहीत मांडू लागला.
"नाव बदल रे. आता आम्ही आहोत."
त्याने मोठ्या गंभीरपणे मान हलवली.

आठ महिने झाले.
उधारी अजून जुन्याच पानावर चढते.
परवा ताप होता, खाली उतरवेना,
मीच फोन लावला आणि म्हटलं,
"कुर्यन, तिसरा मजला.
दही पाठव."